अडगळीतला सर्व्हर आणि लोकांची अमानत

गेल्या रमजानमधली गोष्ट आहे. पुण्याच्या पूर्व भागातल्या एका शैक्षणिक ट्रस्टच्या कामात मी सवडीने मदत करतो. रमजानमध्ये अशा संस्थांकडे जकात आणि देणग्यांची आवक वर्षभरातली सर्वांत जास्त असते. विसाव्या रोज्याच्या आसपास एका जुन्या देणगीदारांचा फोन आला. "तुमचं बँक खातं बदललं का? मेल आलाय तुमचा."

आमचं खातं बदललेलं नव्हतं. मेल मागवून पाहिला. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्याच ट्रस्टचा, खाली नाव आमच्याच एका कारकुनाचं. हे गृहस्थ निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मेलमधलं मराठी सफाईदार होतं. जकातीची रक्कम यंदापासून नव्या खात्यात पाठवावी, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही लगेच सगळ्या देणगीदारांना फोन केले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तोवर एका बाईंनी अकरा हजार रुपये पाठवून झाले होते. शिवणकाम करून साठवलेली जकात होती ती.

हा मेल कुणी हॅकरने परदेशातून आमचं सोंग घेऊन पाठवला असावा, असं सगळ्यांना वाटलं. मोहल्ल्यातलीच एक मुलगी हिंजवडीच्या कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. तिला बोलावलं. तिने त्या मेलचा प्रवास उलगडून पाहिला आणि म्हणाली, "चाचा, हा मेल बाहेरून आलेला नाही. तुमच्या जिन्याखालच्या डब्यातून गेलाय."

जिन्याखाली आमचा जुना मेल सर्व्हर होता. २०१५ साली एका हितचिंतकाने तो बसवून दिला होता. २०२१ मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, आम्ही मेल क्लाऊडवर नेला आणि हा सर्व्हर 'निवृत्त' केला. म्हणजे काय केलं, तर त्याच्यावर चादर टाकली. जुने मेल अधूनमधून लागतात म्हणून तो चालू ठेवला. मध्ये एकदा तो बंद करायचा विषय निघाला होता, तेव्हा आमचे खजिनदार म्हणाले होते, "रहने दो, चालूच है ना, क्या बिगड़ता है." त्यांच्या या वाक्याला आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती, मीही.

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. आपल्या किती संस्थांमध्ये, शाळांमध्ये, पतपेढ्यांमध्ये, मशिदींच्या ट्रस्टांमध्ये, गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये असा एखादा डबा चादरीखाली चालू आहे, याचा विचार वाचकांनी करावा म्हणून लिहितो आहे.

डब्यात काय उघडं होतं

सर्व्हर ही एक खोली आहे असं समजा. तिच्यावर चालणारी प्रत्येक सर्व्हिस म्हणजे एक दार. प्रत्येक दाराला क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. त्या मुलीने 'नेटस्टॅट'ची आज्ञा देऊन उघड्या दारांची यादी काढली. ती पंधरा निघाली. मेल घेण्या-देण्याची २५ आणि ५८७, मेल वाचण्याची ११०, १४३, ९९३ आणि ९९५, वेबमेलची ८० आणि ४४३, फाइल पाठवण्याची २१, डेटाबेसची ३३०६, ऑफिसातल्या फाइल एकत्र ठेवणाऱ्या सांबाची १३९ आणि ४४५, छपाईची ६३१, जोडीला १११ आणि दुरून कामकाज पाहण्याची २२. यातली मेलची आणि वेबमेलची दारं थेट इंटरनेटला उघडी होती, बाकीची ऑफिसातल्या नेटवर्कला. आम्हाला त्या यंत्राकडून एकच काम हवं होतं, जुना मेल शोधून वाचणं. त्यासाठी एक दार पुरलं असतं.

हे घडलं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. २०२१ मध्ये ज्याने मेल क्लाऊडवर नेला, त्या तंत्रज्ञाने जुन्या सर्व्हरवरची मेल पाठवणारी सर्व्हिस थांबवली होती. पण थांबवणं वेगळं आणि कायमची निकामी करणं वेगळं. यंत्राच्या भाषेत 'स्टॉप' म्हणजे आत्तापुरतं थांब. यंत्र पुन्हा सुरू झालं की 'स्टॉप' केलेली सर्व्हिस आपोआप उभी राहते. तिने उभं राहू नये असं वाटत असेल तर तिला 'डिसेबल' करावं लागतं. दुसऱ्या एखाद्या सर्व्हिसने तिला हाक मारून उठवू नये असं वाटत असेल तर 'मास्क' करावं लागतं. आमच्या भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. म्हणजे सर्व्हिस थांबवल्यावर पहिल्यांदा वीज गेली आणि आली, त्याच दिवशी ते दार पुन्हा उघडलं असणार.

बाकी काम आमच्या आळसाने केलं. निवृत्त कारकुनाचं खातं काढलेलं नव्हतं आणि त्याचा पासवर्ड त्यांचा मोबाइल क्रमांक होता. राउटरवर बाहेरून येणारा रस्ता तसाच होता. ज्या स्थिर आयपी पत्त्यावर हा डबा इंटरनेटला दिसत होता, त्याचं भाडं आम्ही दर वर्षी न चुकता भरत होतो. आणि डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ नावाची एक यादी असते, आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे हे ती जगाला सांगते. त्या यादीत जुन्या सर्व्हरचं नाव कायम होतं. त्यामुळे देणगीदारांच्या मेलबॉक्सने तो मेल खरा मानला. त्याच्या लेखी तो खराच होता.

प्रश्न अकरा हजारांचा नाही

अकरा हजार आम्ही त्या बाईंना ट्रस्टच्या बाहेरून वर्गणी काढून दिले. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीने जे विचारलं, त्याचं उत्तर आमच्याकडे आजही नाही. तिने विचारलं, "या डब्यात काय काय आहे?"

त्यात सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता. शिष्यवृत्तीसाठी मुलामुलींनी पाठवलेले आधार, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका, बँक पासबुकाचं पहिलं पान. इनपेजमध्ये टाइप केलेले उर्दू अर्ज. घरगुती वादात ट्रस्टने मध्यस्थी करावी म्हणून बायकांनी लिहिलेली पत्रं, त्यात नवऱ्याचं नाव, सासरचा पत्ता, मारहाणीचे तपशील. आणि डिसेंबर २०१९ पासून पुढच्या तीन महिन्यांतले शेकडो मेल.

ते दिवस वाचकांना आठवत असतील. नागरिकत्वाचा कायदा संसदेत मंजूर झाला होता, एनआरसीची चर्चा होती, आणि आपल्या मोहल्ल्यांमध्ये लोक जन्मदाखल्यातलं नाव आणि शाळेच्या दाखल्यातलं नाव जुळवत बसले होते. कोणाच्या आजोबांचा १९५० आधीचा जमिनीचा उतारा, कोणाच्या आईचा निकाहनामा, कोणाचं जुनं रेशनकार्ड. आम्ही मदत कक्ष उघडला होता आणि लोकांनी विश्वासाने घरातली सगळी कागदपत्रं स्कॅन करून आमच्याकडे पाठवली होती. नावं, पत्ते, वंशावळी, सह्या. यादी कोणाच्या तरी हाती पडेल या भीतीने जे लोक रात्र रात्र झोपले नाहीत, त्यांचीच यादी आम्ही जिन्याखाली दार उघडं ठेवून चार वर्षं सांभाळली.

ती कोणी वाचली का? यंत्राच्या नोंदवह्या, ज्याला लॉग म्हणतात, त्या चार आठवड्यांच्याच होत्या. त्याआधीच्या आपोआप पुसल्या जात होत्या. त्यामुळे कोणी आलं होतं का, काय घेऊन गेलं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. अशा कागदांना बाजार आहे, हे सांगायला नको. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या घोटाळ्यात केंद्र सरकारच्या पडताळणीत १,५७२ पैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद आढळल्या आणि २०२३ मध्ये प्रकरण सीबीआयकडे गेलं. असे घोटाळे दुसऱ्याच्या कागदपत्रांवर उभे राहतात.

हे जुनंच दुखणं आहे

न लागणारी सर्व्हिस चालू राहिल्याने काय होतं, हे जगाला १९८८ मध्येच कळलं होतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम एका रात्रीत हजारो संगणकांत पसरला. त्या वेळी इंटरनेटवर साधारण साठ हजार यंत्रं होती, त्यांतली सहा हजार बाधित झाल्याचा अंदाज केला गेला. तो आत शिरला त्या वाटांपैकी एक होती 'सेंडमेल' या मेल सर्व्हरमधली दुरुस्तीसाठी ठेवलेली सोय. काम झाल्यावर ती बंद करायला हवी होती, अनेकांनी ती तशीच ठेवली. दुसरी वाट होती 'फिंगर', कोण लॉगइन आहे हे सांगणारी सर्व्हिस. तिची गरज फार थोड्यांना होती, चालू मात्र सर्वत्र होती.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले पाच सर्व्हर बाधित झाले आणि रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावं लागलं. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असं कारण सरकारने संसदेत दिलं. आमच्या जिन्याखालचा डबा आणि फी भरून घेणारा संगणक एकाच नेटवर्कवर होते, हे ऐकलं तेव्हा मला ते आठवलं.

पुणेकरांना सायबर हल्ला म्हटलं की कॉसमॉस बँक आठवते. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, त्यातली मोठी रक्कम शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. तो हल्ला जुन्या मेल सर्व्हरवरून झालेला नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण त्यानंतर आपल्या मनात एक समजूत बसली की चोर मोठ्या बँकांकडे जातात, आपल्यासारख्या किरकोळ ट्रस्टकडे कोण येणार. चोर आता माणूस पाहून येत नाही. त्याचे प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याची दारं ढकलून पाहतात, उघडं लागलं की आत जातात. आत बँक आहे की यतीमखाना, हे त्यांना नंतर कळतं.

आम्ही काय केलं

त्या मुलीने सर्वांत आधी सर्व्हर इंटरनेटपासून तोडला, पण यंत्र बंद केलं नाही. पोलिसांना पुरावा लागू शकतो म्हणून डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. मग कागदावर यादी केली. प्रत्येक सर्व्हिससमोर तीन रकाने: ही कशासाठी आहे, आज कोण वापरतं, बंद केली तर काय अडेल.

मग एकेक दार बंद केलं, एकदम सगळी नाही. मेल पाठवणारं पोस्टफिक्स 'स्टॉप', 'डिसेबल' आणि 'मास्क'. एफटीपी, छपाई आणि १११ ची सर्व्हिस नुसती थांबवली नाही, सॉफ्टवेअरच काढून टाकलं, कारण जे यंत्रावर नाही त्यातली त्रुटी कोणाच्या उपयोगाची नाही. जुना वेबमेल आणि त्याचा डेटाबेस काढला. पॉप-३ बंद. सांबा बंद केला तेव्हा दुसऱ्या दिवशी हिशेबनीस ओरडत आले, कारण झेरॉक्सच्या यंत्रावर स्कॅन केलेले कागद त्याच फोल्डरमध्ये जात होते आणि हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते काम दुसऱ्या संगणकावर हलवलं. म्हणूनच एकेक दार बंद करायचं आणि मध्ये दोन-चार दिवस थांबायचं.

शेवटी पंधरापैकी दोन दारं उरली. जुने मेल वाचण्यासाठी ९९३, तेही फक्त ऑफिसातल्या दोन संगणकांसाठी, आणि देखभालीसाठी २२, तेही एका संगणकावरून. बाकी सगळं फायरवॉलने अडवलं. निवृत्त आणि सोडून गेलेल्या सगळ्यांची खाती बंद केली. राउटरवरचा रस्ता काढला. एसपीएफच्या यादीतून जुन्या सर्व्हरचं नाव वगळलं. स्थिर आयपी परत केला. आणि सर्वांत महत्त्वाचं, हे सगळं झाल्यावर तिने मुद्दाम वीज घालवून यंत्र पुन्हा सुरू केलं आणि दारं पुन्हा मोजली. दोनच निघाली. ही शेवटची मोजणी २०२१ मध्ये कोणी केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

हा कायमचा उपाय नव्हे, असंही तिने बजावलं. त्या यंत्रावरची सेंटओएस ७ ही प्रणाली ३० जून २०२४ नंतर दुरुस्त होणं थांबलं आहे. दोन दारं ठेवली तरी तीही कधीतरी कुजणार. जुने मेल कुलूपबंद एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायचे, ते उघडून वाचता येतात याची खात्री करायची आणि मग यंत्र खरंच बंद करायचं, हे ठरलं आहे. त्याची डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय कोणाला द्यायची नाही, हेही ठरलं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी लहानपणापासून फिरतो. जुन्या सामानात कोणाचं काय काय असतं, हे पाहिलेल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही.

ठेवायचं का, हाही प्रश्न आहे

ट्रस्टमध्ये एक आक्षेप आला, तो चुकीचा नव्हता. धर्मादाय आयुक्तांकडून विचारणा होते, ऑडिट असतं, एखादा जुना दावा न्यायालयात असतो. पत्रव्यवहार फेकून कसं चालेल? मान्य. पण ट्रस्टचा पत्रव्यवहार आणि लोकांची कागदपत्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ ची शिष्यवृत्ती २०१६ मध्ये मिळाली किंवा नाही मिळाली. त्या मुलाचं आधारकार्ड आज आमच्याकडे असण्याचं कारण काय? संसदेने २०२३ मध्ये केलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसेल, तर ती पुसून टाका. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. आमचे चार आठवड्यांचे होते, हे वर लिहिलंच आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला पटला नाही. झालेला प्रकार देणगीदारांपुरता सांगू, पण ज्यांची कागदपत्रं डब्यात होती त्यांना कळवायची गरज नाही, उगाच बदनामी होईल, विरोधकांना निमित्त मिळेल, असं काही विश्वस्तांचं म्हणणं होतं. आपल्या संस्थांमध्ये हा युक्तिवाद फार जुना आहे. बाहेरच्या टीकेच्या भीतीने आपण आतली चूक झाकतो आणि झाकलेली चूक आपल्याच गरीब माणसाला भोवते. ज्या बाईचा पत्ता आणि सासरची हकीकत त्या मेलमध्ये आहे, तिला ते बाहेर गेलं असण्याची शक्यता आहे एवढं कळण्याचा हक्क आहे. तिला सावध राहता येईल, बँकेतला क्रमांक बदलता येईल, अनोळखी फोन आला तर ओळखता येईल. बैठक लांबली, आवाज चढले, पण शेवटी पत्र गेलं. साध्या मराठीत आणि उर्दूत, आमची चूक मान्य करून. दोघांनी सभासदत्व सोडलं. अनेकांनी फोन करून विचारलं की आता नेमकं काय करायचं, आणि त्यांना उत्तर देणं हे आमचं काम होतं.

अमानत हा शब्द आपण पैशासाठी सहज वापरतो. जकातीच्या एका रुपयाचा हिशेब चुकला तर खजिनदाराला रात्री झोप लागत नाही, हे मी पाहिलं आहे. त्याच खजिनदारांना लोकांच्या कागदांची तीच काळजी वाटली नाही, कारण ते कागद डोळ्यांना दिसत नव्हते. आता ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या मुलीकडून दारांची मोजणी करून घेतात आणि आकडा रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर लिहितात.

वाचकांपैकी जे एखाद्या संस्थेच्या कामात असतील, त्यांना एवढीच विनंती. या आठवड्यात आपल्या ऑफिसातली जुनी, कोणी वापरत नाही अशी यंत्रं शोधा. मागचा हिरवा दिवा लुकलुकत असेल, तर ते यंत्र नेमकं कशासाठी चालू आहे, हे तीन माणसांना विचारा. तिघांचं उत्तर 'असू दे' असेल, तर मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या मुलीला किंवा मुलाला बोलवा आणि दारं मोजा.